सिंगल-पेयरसाठी एकत्र आलेले अमेरिकी खासदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिशिगनमधल्या एका दवाखान्यात बिलिंगचं काम करते. ओळखीपाळखीतल्या कुणाला विम्याचं पत्र समजलं नाही की त्याचा फोटो माझ्या फोनवर येऊन पडतो. निवडणूक जवळ आली की विम्याच्या प्रश्नांत राजकारण मिसळतं: ते ‘मेडिकेअर फॉर ऑल’वाले, म्हणजे सगळ्यांना एकच सरकारी विमा द्या म्हणणारे, कोण, त्यांचं पुढे काय झालं, आपल्या आईबाबांना त्यात काही मिळेल का. तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा म्हटलं, एकदाच सगळं नीट लिहून ठेवू. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त क्रम मी लावलाय.

1. सिंगल-पेयर म्हणजे सगळे दवाखाने सरकारी होणार, असंच ना?

नाही. पैसे देणारा एक (म्हणजे सरकार), उपचार करणारे अनेक. दवाखाने सरकारच्या मालकीचे आणि डॉक्टर तिथले पगारी, हा प्रकार ब्रिटनच्या रुग्णालयांत दिसतो. कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतःचा व्यवसाय करतात, बिल मात्र प्रांत सरकारकडे जातं. तैवानने 1995 मध्ये देशभरासाठी एकच विमा आणला आणि तिथेही खासगी दवाखाने जोरात चालतात.

आमच्या काउंटरमागे भिंतीवर एक कागद चिकटवलाय. कुठल्या कंपनीचा कुठला प्लॅन चालतो, याची यादी. त्यातली चार नावं पेनाने खोडलीत, दोन नव्याने घुसवलीत आणि एका नावापुढे पिवळी चिठ्ठी आहे: ‘एमआरआय असेल तर आधी मंजुरी!!’ दर जानेवारीत हा कागद नव्याने छापावा लागतो. सिंगल-पेयर आलं तर काय बदलेल, असं कुणी विचारलं की मी त्या कागदाकडे बोट दाखवते.

2. मेडिकेअर तर आहेच की. मग ‘फॉर ऑल’ म्हणजे 65 ची अट काढायची, एवढंच?

नावावरून तसं वाटतं खरं. पण पाटी जुनी आणि दुकान नवं, असा हा प्रकार आहे. आजची मेडिकेअर ही सरकारी विमा योजना 30 जुलै 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने आली. ती मुख्यतः 65 वर्षांवरच्या आणि दीर्घकालीन अपंगत्व असलेल्या लोकांसाठी आहे. तिच्यात पार्ट बीचा (डॉक्टरांच्या बिलांसाठीच्या भागाचा) मासिक हप्ता आहे, डॉक्टरांच्या बहुतेक बिलांतला 20 टक्के वाटा आपला आहे, आणि दात, चष्मा, श्रवणयंत्र सहसा बाहेर. म्हणूनच निम्म्याहून अधिक ज्येष्ठ आज मेडिकेअर अॅडव्हान्टेज नावाच्या, खासगी कंपन्या चालवतात त्या प्लॅनमध्ये आहेत.

खासदारांच्या विधेयकात हप्ता नाही, डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) नाही, उपचार घेताना को-पे नाही. दात, डोळे, कान आणि घरी किंवा संस्थेत लागणारी दीर्घकालीन शुश्रूषा, सगळं आत. ते आजच्या मेडिकेअरपेक्षा पुष्कळ उदार आहे आणि म्हणून महागही (प्रश्न 7 पाहा).

3. ‘मेडिकेअर फॉर ऑल कॉकस’ म्हणजे काय? पक्ष, समिती की दबावगट?

यातलं काहीच नाही. एखाद्या विषयावर एकमत असलेले खासदार नोंदणी करून गट स्थापतात, त्याला कॉकस म्हणतात. प्रतिनिधिगृहात असे शेकडो गट आहेत, अगदी सायकलप्रेमी खासदारांचासुद्धा. हा कॉकस जुलै 2018 मध्ये सुरू झाला. पुढाकार प्रमिला जयपाल, डेबी डिंगेल आणि कीथ एलिसन या तिघा खासदारांचा, आणि सुरुवातीलाच 60 हून अधिक सदस्य, सगळे डेमोक्रॅट. एलिसन लवकरच मिनेसोटाचे अॅटर्नी जनरल झाले आणि संसदेतून बाहेर पडले.

कॉकसला स्वतःचा निधी नसतो, कार्यालय नसतं, विधेयक मंजूर करण्याचा अधिकार तर नसतोच. सदस्यांच्याच कार्यालयातले कर्मचारी वेळ काढून त्याचं काम बघतात. मग उपयोग काय? खासदारांना आणि त्यांच्या मदतनिसांना विषय शिकवणं: पैसा कुठून, इतर देशांत कसं चालतं, संक्रमणाच्या काळात काय. ऐकायला हे बेचव वाटेल. पण ‘मी पाठिंबा देतो’ म्हणणाऱ्या माणसाला मतदारसंघातल्या सभेत तिसरा प्रश्न आला की घाम फुटतो, आणि कॉकसचं खरं काम त्या तिसऱ्या प्रश्नाच्या तयारीचं आहे.

4. ही सगळी बर्नी सँडर्सची कल्पना ना?

हा समज खोडून काढायला मला मनापासून आवडतं, कारण या गोष्टीचा अर्धा भाग आमच्या मिशिगनचा आहे.

1943 मध्ये सिनेटर वॅग्नर, सिनेटर मरे आणि डेट्रॉइटचे खासदार जॉन डिंगेल (थोरले) यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. 1945 मध्ये ट्रुमन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून हीच मागणी केली, डॉक्टरांच्या संघटनेने ती ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून हाणून पाडली. 1955 मध्ये थोरले डिंगेल वारले. त्यांच्या जागी निवडून आला त्यांचा मुलगा, त्याचंही नाव जॉन. या धाकट्या डिंगेलनी दर नव्या संसदेत वडिलांचं विधेयक पुन्हा मांडायचा नेमच धरला, घरातलं व्रत मुलाने चालवावं तसा. 1965 मध्ये मेडिकेअरवर मतदान झालं तेव्हा सभागृहाच्या अध्यक्षांच्या खुर्चीत तेच होते. ट्रुमन तोवर म्हातारे झाले होते. मेडिकेअरचं पहिलं कार्ड जॉन्सन यांनी त्यांना दिलं. धाकट्या डिंगेलनी तेव्हाचा हातोडा जपून ठेवला आणि 2010 मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या मतदानासाठी तो नॅन्सी पेलोसींच्या हाती दिला. कॉकस स्थापन करणाऱ्या डेबी डिंगेल या त्यांच्या पत्नी. ते 2019 मध्ये गेले.

‘मेडिकेअर सर्वांना’ या आजच्या रूपातलं विधेयक मांडलं डेट्रॉइटच्याच जॉन कॉन्यर्स यांनी, 2003 मध्ये. क्रमांक एच. आर. 676. पुढच्या प्रत्येक संसदेत त्यांनी तोच क्रमांक टिकवला. 2017 च्या अखेरीला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांमुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला. मग सूत्रं एलिसन यांच्याकडे, आणि 2019 पासून जयपाल यांच्याकडे आली. सँडर्स सिनेटची बाजू सांभाळतात. 2016 च्या निवडणुकीत त्यांनी हा विषय घराघरात नेला, हे श्रेय त्यांचंच. पण बी त्यांनी पेरलेलं नाही.

5. शंभरावर खासदारांच्या सह्या आहेत म्हणता, मग मंजूर का होत नाही?

सही (म्हणजे विधेयकाला सहप्रस्तावक म्हणून नाव देणं) आणि मत यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे म्हणून. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

आधी हिशेब. प्रतिनिधिगृहात 435 जागा, म्हणजे सगळे हजर असतील तर 218 मतं लागतात. सिनेटमध्ये 100 जण, पण चर्चा थांबवून मतदानापर्यंत पोहोचायलाच 60 लागतात. कॉन्यर्स यांच्या विधेयकावर शेवटच्या फेरीत 124 सहप्रस्तावक होते, जयपाल यांच्या पहिल्या विधेयकावर मांडतानाच 106. आकडा शंभर ते सव्वाशेच्या आसपास घुटमळतो. त्यातही एक बारीक गोम आहे: राजधानी वॉशिंग्टन आणि ग्वामसारख्या प्रदेशांचे प्रतिनिधी सही करू शकतात, पण अंतिम मतदानात त्यांना मत नाही.

मग ही सही म्हणजे काय? तिला काही लागत नाही. विधेयक समितीत अडकलंय, मतदान होणार नाही, हे माहीत असताना सही करायला फारसं धैर्य लागत नाही. खऱ्या मतदानाची वेळ आली की कर वाढीचा आकडा दिसतो, गावातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळाचा फोन येतो, विमा कंपनीत कामाला असलेले मतदार दारात उभे राहतात. सह्यांपैकी किती मतं उरतील, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एकदा सिनेटमध्ये मत झालं, तेही सापळा म्हणून. जुलै 2017 मध्ये माँटानाचे रिपब्लिकन सिनेटर स्टीव्ह डेन्स यांनी कॉन्यर्स यांचाच मसुदा दुरुस्ती म्हणून पुढे केला, विरोधकांना कोंडीत पकडायला. निकाल: बाजूने 0, विरोधात 57, आणि 43 जण नुसते ‘हजर’. सँडर्स यांच्यासकट समर्थकांनी त्या खेळात उतरायचंच नाही असं ठरवलं होतं.

2019 मध्ये प्रतिनिधिगृह डेमोक्रॅट पक्षाकडे आलं तेव्हा कॉकसला जे मिळालं ते म्हणजे सुनावण्या. पहिली 30 एप्रिल 2019 ला, नियम समितीसमोर. आजाराने वाचा गेलेले एडी बार्कन व्हीलचेअरवरून आले आणि संगणकाच्या आवाजात साक्ष दिली. हा विषय संसदेच्या समितीसमोर रीतसर ऐकला गेला, तो पहिल्यांदाच. 2003 पासून धरलं तर त्याला सोळा वर्षं लागली.

6. 2021 मध्ये ‘मतदान घ्यायला लावा’ म्हणून केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा हे खासदार का कचरले?

तेव्हा डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत अगदी काठावरचं होतं. काही कार्यकर्त्यांचं म्हणणं असं: पुरोगामी खासदारांनी पेलोसींना प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षपदासाठी मत देण्याआधी अट घालावी, मेडिकेअर फॉर ऑल सभागृहात मतदानाला आणा. खासदारांनी अट घातली नाही आणि पेलोसी 216 विरुद्ध 209 मतांनी निवडून आल्या. कार्यकर्ते अजून ही गोष्ट विसरलेले नाहीत.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर होत्या. मतदान हरलंच असतं, आणि दारुण हरलं असतं. तो आकडा विरोधकांनी दहा वर्षं वापरला असता. पण कोण सहीपुरता आणि कोण मतापुरता, हे त्या दिवशी कळलं असतं. कॉकसने झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवणं पसंत केलं.

7. एवढा पैसा आणणार कुठून?

सध्या जातोच आहे तो कुठून येतो, हे आधी बघा. 2023 मध्ये अमेरिकेने आरोग्यावर 4.9 लाख कोटी डॉलर खर्च केले, देशाच्या उत्पन्नाच्या 17.6 टक्के. त्यातला काही कर म्हणून जातो, काही हप्ता म्हणून, काही कंपनी आपल्या पगारातून आधीच कापून ठेवते, आणि काही आपण काउंटरवर मला देतो. सिंगल-पेयरमध्ये यातलं जवळजवळ सगळं कराच्या रूपात जाईल. त्यामुळे कर वाढणार, नक्की वाढणार. ‘वाढणार नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रश्न असा की वाढलेला कर हा वाचलेल्या हप्त्यापेक्षा कमी की जास्त, आणि ते तुमच्या उत्पन्नावर ठरतं.

दोन आकडे सतत फेकले जातात. 2018 मध्ये मर्केटस सेंटर या संशोधन संस्थेच्या चार्ल्स ब्लाहाऊस यांनी सरकारी खर्चात दहा वर्षांत 32.6 लाख कोटी डॉलरची भर पडेल असं मांडलं. विरोधक हा आकडा सांगतात. त्याच अभ्यासात, विधेयकातले कमी दर खरोखर लागू झाले तर देशाचा एकूण खर्च सुमारे 2 लाख कोटींनी घटतो, असंही निघतं. समर्थक तो सांगतात. अभ्यास एकच!

संसदेच्या स्वतःच्या अंदाजपत्रक कार्यालयाने डिसेंबर 2020 मध्ये सिंगल-पेयरचे पाच नमुने तपासले. 2030 या एका वर्षात सरकारी खर्च दीड ते तीन लाख कोटींनी वाढेल, आणि देशाचा एकूण खर्च सुमारे 70 हजार कोटींनी घटण्यापासून 30 हजार कोटींनी वाढण्यापर्यंत कुठेही असेल. एवढी मोठी तफावत का? डॉक्टर-इस्पितळांना काय दर देणार आणि रुग्णाकडून काही घेणार की नाही, यावर सगळं ठरतं म्हणून.

8. माझ्या कंपनीचा विमा उत्तम आहे. तो जाईल का?

हो. विधेयकात जे उपचार सरकारी विम्यात आहेत, तेच खासगी विम्याने विकायला बंदी आहे. उरलेलं, म्हणजे निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांसारखं, विकता येईल. बेत प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात दोन वर्षांत आणि सिनेटच्या मसुद्यात चार वर्षांत बदल पूर्ण करण्याचा आहे.

कॉकसची सगळ्यात अवघड जागा हीच. विरोध फक्त विमा कंपन्यांचा नाही. 2020 मध्ये नेवाडातल्या हॉटेल-कामगारांच्या बलाढ्य युनियनने उघड नाराजी दाखवली, कारण वर्षानुवर्षं भांडून, पगारवाढ सोडून मिळवलेला त्यांचा आरोग्य प्लॅन त्यांना सोडायचा नव्हता. उलट नोकरी गेली की विमाही जातो, हे ज्याने भोगलंय त्याला ‘उत्तम विमा’ या शब्दांवर हसू येतं. आपल्यातले एच-वनवाले (नोकरीच्या व्हिसावरचे) यावर माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

9. मग एखाद्या राज्याने आधी करून का दाखवलं नाही?

प्रयत्न पुष्कळ झाले. व्हरमाँटने 2011 मध्ये कायदाच केला. डिसेंबर 2014 मध्ये गव्हर्नर शमलिन यांनी हिशेब मांडला: पगारांवर 11.5 टक्के कर आणि वर उत्पन्नानुसार 9.5 टक्क्यांपर्यंत. त्यांनी योजना तिथेच सोडून दिली. कोलोरॅडोत 2016 मध्ये जनमत घेतलं, जवळपास 80 टक्के लोक विरोधात गेले. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड गॉटफ्रीड यांनी 1992 पासून तीस वर्षं विधेयक लावून धरलं. खालच्या सभागृहात ते अनेकदा मंजूर झालं, वरच्या सभागृहातून कधीच पुढे गेलं नाही.

कॅलिफोर्नियाचा किस्सा प्रश्न 5 आणि 6 ची छोटी आवृत्ती आहे. सॅन होजेचे आमदार अॅश कालरा, या विधानसभेतले पहिले भारतीय वंशाचे सदस्य, यांचं विधेयक 31 जानेवारी 2022 पर्यंत मतदानाला यायला हवं होतं. 80 जणांच्या सभागृहात 41 मतं हवीत. त्यांनी मोजली, कमी भरली, आणि शेवटच्या दिवशी त्यांनी ते मतदानाला आणलंच नाही. ज्या परिचारिका संघटनेने विधेयकासाठी जिवाचं रान केलं होतं, तीच त्यांच्यावर सर्वांत जास्त भडकली. तिला नावानिशी मतं हवी होती.

कायद्याचा अडसर वेगळाच. मेडिकेअर आणि मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा) पैसा एकत्र करायला केंद्राची परवानगी लागते, आणि 1974 च्या एरिसा कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या आरोग्य योजनांना राज्य हात लावू शकत नाही.

10. डॉक्टर याच्या विरोधात आहेत का?

एकसंध नाहीत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा विरोध जुना, पण जून 2019 मध्ये त्यांच्याच प्रतिनिधींनी विरोध कायम ठेवला तो 53 विरुद्ध 47 टक्क्यांनी. जानेवारी 2020 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सिंगल-पेयर चालेल असं सांगितलं, सरकारी विम्याचा ऐच्छिक पर्यायही चालेल म्हणाले. परिचारिकांची सर्वांत मोठी संघटना उघडपणे बाजूने आहे. कॅनडातही पहिल्या दिवशी आरत्या ओवाळल्या नव्हत्या: 1962 च्या जुलैमध्ये सस्कॅचवानमध्ये योजना सुरू झाली आणि डॉक्टर 23 दिवस संपावर गेले.

11. मी एच-वन-बीवर आहे. मला लागू होईल का?

मसुद्यानुसार ‘अमेरिकेतला रहिवासी’ पात्र, नागरिकत्वाची अट नाही. रहिवासी कोण, हे आरोग्यमंत्री नियमांनी ठरवणार. कामासाठी इथे राहणारा माणूस त्यात बसेल, असा सरळ अर्थ निघतो. पण नियम लिहिणारा कोण असेल, त्यावर भरवसा ठेवू नये. जुलै 2025 च्या कायद्याने तर आजच्या मेडिकेअरची पात्रताही नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मोजक्या इतर गटांपुरती आवळली. पगाराच्या स्लिपवर मेडिकेअरचे 1.45 टक्के मात्र दर वेळी कापले जातात, बघा.

12. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात. मेडिकेअर फॉर ऑल आलं तर व्हिजिटर विमा घ्यायला लागणार नाही ना?

लागेल. भेटीला येणारा माणूस रहिवासी नव्हे, आणि केवळ उपचारासाठी देशात येणाऱ्यांना रोखण्याचं कलम मसुद्यात आहे. कॅनडातही पाहुण्यांचा खर्च सरकारी विमा उचलत नाही.

13. आईला ग्रीन कार्ड मिळालं, वय 68. आज, याच घडीला, मेडिकेअर मिळेल?

लगेच नाही. तिने किंवा बाबांनी अमेरिकेत सुमारे दहा वर्षं (40 तिमाह्या) कर भरून काम केलेलं नसेल, तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर ती मेडिकेअर हप्ता भरून विकत घेऊ शकते, पार्ट ए (इस्पितळाच्या खर्चाचा भाग) सुद्धा. मुलाने किंवा मुलीने भरलेला कर आईच्या खात्यात धरत नाहीत. या उत्तरावर मला दर वेळी दोन मिनिटं शिव्या ऐकाव्या लागतात.

14. आपले श्री ठाणेदार यात आहेत का?

चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले ठाणेदार जानेवारी 2023 पासून डेट्रॉइटचे खासदार आहेत. मतदारसंघ 13, कॉन्यर्स यांच्या शेवटच्या मतदारसंघाचाच क्रमांक (सीमा बदलल्या आहेत). 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले तेव्हा त्यांनी सिंगल-पेयरचा पुरस्कार केला होता. आजची सही पाहायची तर प्रश्न 16. जयपाल यांचा जन्म चेन्नईचा, सिलिकॉन व्हॅलीचे रो खन्नाही समर्थक. पण भारतीय नाव दिसलं की पाठिंबा गृहीत धरू नका.

15. आपली महात्मा फुले योजना म्हणजे सिंगल-पेयरच झाली की!

नाही हो. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं, 2023 मध्ये 5 लाखांचं छत्र सगळ्या कुटुंबांना द्यायचं ठरलं. सरकार पैसे देतं आणि खासगी इस्पितळात उपचार होतात, एवढं साम्य आहे. पण ती ठरावीक उपचारांसाठी, यादीतल्या इस्पितळांपुरती, दाखल झाल्यावरची योजना आहे. तापाचं औषध, रोजची बीपीची गोळी त्यात येत नाही. शिवाय कामगार विमा, केंद्रीय कर्मचाऱ्यांची योजना, खासगी मेडिक्लेम हे सगळे पैसे देणारे बाजूला आहेतच.

16. माझ्या खासदाराने सही केली आहे का, कसं बघायचं? आणि मी नागरिक नाही, फोन केला तर चालेल?

संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाका. एप्रिल 2025 मध्ये मांडलेलं प्रतिनिधिगृहातलं एच. आर. 3069, सिनेटमधलं एस. 1506. संसद दोन वर्षांची असते. ती संपली की मंजूर न झालेली सगळी विधेयकं बाद आणि नव्याने क्रमांक, त्यामुळे जुना क्रमांक टाकून ‘नाव दिसत नाही’ म्हणून मला मेसेज करू नका. सहप्रस्तावकांच्या यादीत नावापुढे तारीख असते. तारांकन असेल तर पहिल्या दिवसाची सही, नसेल तर मागाहून आलेली.

फोन जरूर करा. मतदारसंघात राहणारा प्रत्येक जण त्या खासदाराचा, मतदार असो वा नसो. पलीकडची मुलगी झिप कोड विचारेल, नागरिकत्व सहसा विचारत नाही. आणि ‘तुमची सही आहे का’ एवढंच विचारू नका, ते यादीत दिसतंच. विचारा: ‘मतदानाला आलं तर मत द्याल का?’ मी आमच्या खासदाराच्या कार्यालयात हे तीनदा विचारलंय. दोनदा ‘कळवतो’ म्हणाले. तिसऱ्यांदा त्या मुलीने माझा नंबर घेतला आणि ‘आरोग्य’ या शब्दाचं स्पेलिंग स्वतःशीच पुटपुटत काहीतरी टाइप केलं.